चालू खातं

चेक १८,५०० रुपयांचा होता. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यानं दिलेला. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा, त्यांच्यामध्ये 'अकाउंट पेयी', म्हणजे पैसे चेकवरच्या नावाच्याच खात्यात जमा होणार, आणि अक्षर असं वळणदार की मी आधी अक्षरच बघत बसले. डिझायनरच्या धंद्याची खोड. मग नाव वाचलं. आमचं आडनाव आणि त्यापुढे 'ग्राफिक्स'.

हे नाव माझंच. तीन वर्षांपूर्वी बिलाचा कागद डिझाईन करताना वर नुसतं स्वतःचं नाव बरं दिसेना, ओळ आखूड पडत होती, म्हणून शेवटी 'ग्राफिक्स' लावलं. एवढंच. त्या नावाची फर्म नव्हती, शिक्का नव्हता, खातं तर नव्हतंच. पुण्याच्या एजन्सीचे पैसे माझ्या बचत खात्यात एनईएफटीनं यायचे, इथली, सांगलीतली छोटी कामं फोनवर क्यूआर दाखवून भागायची. बिलावर कुणाचं नाव आहे हे कुणी वाचत असेल असं मला कधी वाटलंच नाही. तासगावात वाचलं.

फोन केला. म्हटलं, चेक माझ्या नावानं बदलून द्याल का?

"ताई, बिलावर जे नाव तेच चेकवर. आमचे सीए ऐकायचे नाहीत. आणि तुमचं खातं असंलच की त्या नावाचं?"

"हो हो, आहे की," असं म्हणून मी फोन ठेवला. का म्हटलं, देव जाणे. बेदाण्याचे सौदे ऐन भरात होते, त्यात त्या माणसाला परत फोन करून 'नाही हो, खोटं बोलले' सांगायची हिंमत झाली नाही. चेकवर तारीख ४ मार्च. पूर्वी चेक सहा महिने चालायचा, २०१२ च्या एप्रिलपासून तीनच महिने चालतो. म्हणजे ३ जूनच्या आत मला एक आख्खा धंदा जन्माला घालायचा होता. धंदा चालू होताच म्हणा. फक्त तो कुठे दिसत नव्हता.

माझे सासरे, नाना, सांगली बँकेत कॅशियर होते. १९१६ साली निघालेली ही बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. त्याच्या आदल्याच वर्षी साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये गेली होती. नानांची धाकटी बहीण साताऱ्याला दिलेली, आणि तिचे यजमान युनायटेड वेस्टर्नमध्ये. त्या दोन वर्षांत दोन्ही घरांत सुतक आल्यासारखं झालं होतं, असं सासूबाई सांगतात. नाना पुढे तीन वर्षं नव्या बँकेत काढून निवृत्त झाले, पण अजूनही ते 'आमची बँक' म्हणाले की ती १९१६ चीच समजायची.

चेक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, सवयीनं.

"करंट अकाउंट लागणार तुला. चालू खातं."

माझा धाकटा तिथंच गृहपाठ करत होता. "आजोबा, बाकीची खाती बंद असतात का?"

"बाकीची साधी असतात रे. हे चालू असतं."

नाना विनोद म्हणून बोलले, पण पुढचे अडीच महिने मला त्याची प्रचिती येत राहिली. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. उलट किमान शिल्लक ठेवायची, ती कमी पडली तर दंड, आणि बारीकसारीक गोष्टींचे पैसे वेगळे. मी म्हटलं, नाना, आपले पैसे, आपण ठेवायचे, आणि वर आपणच द्यायचे?

"हरिपूरची पेवं बघितलीस ना? पेवात हळद घातली तर ती वाढून वर येते का? राखायचे पैसे द्यावे लागायचेच."

सांगलीजवळच्या हरिपूरची ही पेवं मी पाहिली ती जवळजवळ मोडकळीला आल्यावर. जमिनीत खोल खणलेले ते खड्डे, त्यांत वर्षानुवर्षं हळद कीड न लागता राहायची, आणि २००५ च्या पुरानं त्यातल्या बहुतेकांची वाट लावली. नानांची उपमा मला पटली आणि थोडी टोचलीही. कारण माझी हळद होती १८,५०० रुपयांची, आणि भाडं विचारणारे पेववाले बरेच होते.

पहिल्या बँकेत गेलो तो दिवस विसरणार नाही. मार्चअखेरीची धांदल. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "धंदा काय?"

"डिझाईन करते."

"दुकान कुठंय?"

"घरीच करते."

आता मात्र त्यांनी मान वर केली, चेहरा खुलला. "अगोबाई, ब्लाउजचं का? शिलाई किती घेता?"

नाना शेजारी खोकल्यासारखं करून हसले. मी मोबाईलवर हळदीच्या पाकिटाचं डिझाईन दाखवलं, बेदाण्याच्या खोक्याचं दाखवलं. बाईंना ते आवडलंही. "छान आहे, पण हे तुम्ही करता म्हणजे नक्की काय करता?" यावर माझ्याकडे आजही चांगलं उत्तर नाही. पाकीट छापतो छापखाना, भरतो व्यापारी, विकतो दुकानदार. मी मधल्या मध्ये बसून ठरवते की हळद हा शब्द किती जाड असावा.

कागदांचं ऐका. प्रोप्रायटर, म्हणजे एकटा मालक, आणि त्याची फर्म यांत कायद्याच्या लेखी फरक नसतो, पॅनसुद्धा एकच. तरीही फर्मच्या नावानं खातं उघडायचं तर फर्म आहे याचे दोन पुरावे द्यावे लागतात: उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद), शॉप ॲक्ट (दुकानं-आस्थापनांची नोंद), जीएसटी, फर्मचं उत्पन्न दाखवलेलं आयकर विवरणपत्र, असं काहीही दोन. दोन मिळणं शक्यच नाही असं बँकेला पटलं तर एकावरही काम होऊ शकतं, पण ते पटणं मॅनेजरच्या हातात. जीएसटीचा माझा प्रश्न नव्हता. सेवा देणाऱ्यांना वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही आणि २० लाख मी फक्त डिझाईनमध्ये टाईप केलेत. शॉप ॲक्टचं एक गंमतशीर आहे. सगळे त्याला लायसन म्हणतात, पण २०१७ च्या कायद्यानंतर हाताखाली माणसं थोडीच असतील तर नुसती सूचना द्यायची असते आणि तिची पावती मिळते. माझ्याकडे माणसं शून्य. मी आपली मलाच कळवून पावती घेतली.

उद्यम नोंदणी फुकट असते. हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं, कारण गुगलवर शोधल्यावर मला वरचीच जी वेबसाईट दिसली तिच्यावर तिरंगा होता, अशोकचक्रासारखं काहीतरी फिरत होतं आणि शेवटी १,५०० रुपये भरा असं होतं. मी भरणारही होते. थांबले कशामुळे, तर त्यांनी तिरंग्यातला हिरवा रंग चुकवला होता, पार पोपटी. सरकारी वेबसाईट कुरूप असेल, पण झेंड्याचा रंग चुकवणार नाही, असं वाटलं. मग पत्त्याची ओळ पाहिली, तर शेवटी 'गव्ह डॉट इन' नव्हतंच.

खऱ्या वेबसाईटवर गेले तर तिनं मला पाच मिनिटांत बाहेर काढलं. पॅनवरचं नाव जुळेना. पॅन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या. लग्नाला तेरा वर्षं झाली, या तेरा वर्षांत दोन्ही नावांनी मी सुखानं जगत होते, एक कमवायचं आणि एक रेशनकार्डावरचं. पॅन दुरुस्तीला १०७ रुपये लागले आणि तीन आठवडे गेले. एप्रिल उलटत आला. चेक देवघरातल्या फळीवर, अंगाऱ्याच्या डबीखाली. रोज सकाळी पूजा करताना सासूबाई त्याच्याकडे एकदा बघायच्या.

त्या तीन आठवड्यांत नानांनी काम हातात घेतलं. ते म्हणाले, आपण बँका बघत फिरतोय, पण आधी तू स्वतःचं बघ. वर्षभरात पैसे किती वेळा आले, किती वेळा गेले, चेक किती, रोख किती? मला काहीच सांगता येईना. मग बसून बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढलं. पैसे आले ४१ वेळा. त्यातले चेक फक्त ३. रोख भरलेली एकूण १४,००० च्या आत. गेलेले पैसे त्याहून कमी वेळा: सॉफ्टवेअरचं भाडं, फॉन्ट, वीज, एकदा हार्ड डिस्क. नाना बघत राहिले. "म्हणजे तुला चेकबुक नको, रोख भरायची सवलत नको, घरी येऊन पैसे नेणारा माणूस नको. आणि दुकानदारांचं खातं ह्याच गोष्टींचे पैसे घेतं."

हे खरोखरच तसं होतं. बाहेर फलकावर 'झिरो बॅलन्स करंट अकाउंट' असं दिसलं की मी आत शिरायची, आणि नाना दारातच चार्जेसची यादी मागायचे. यादी कुणी चटकन देत नाही. "वेबसाईटवर आहे सर." वेबसाईटवरून मी चौदा पानांची यादी छापून आणली. नानांनी लाल पेन घेतलं आणि उन्हाळ्याच्या दुपारी झोपाळ्यावर बसून ती चौदा पानं वाचली, जसं कुणी पोथी वाचतं. मधूनच हाक: "सूनबाई, हे बघ! वर्षाच्या आत खातं बंद केलंस तर त्याचेही पैसे आहेत." त्या घोषात मला तरी आनंदच जास्त ऐकू यायचा. तळटीपेत लपलेला चार्ज सापडला की बँकेत फरक सापडल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर यायचं.

झिरोची गंमत तर वेगळीच. एका ठिकाणी शिल्लक शून्य चालत होती, पण वर्षाचं पॅकेज ३,००० चं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. दुसऱ्या ठिकाणी, एका सरकारी बँकेत, सरासरी ५,००० ठेवायचे होते आणि पॅकेज नव्हतं. मला साहजिकच शून्य बरं वाटत होतं, ५,००० अडकवायचे कशाला? नानांनी कॅलेंडरच्या उलट्या बाजूला हिशोब मांडला. ५,००० बचत खात्यात असते तर अडीच टक्क्यांनी वर्षाला १२५ रुपये व्याज. म्हणजे अडकवण्याची किंमत १२५, आणि न अडकवण्याची ३,५४०. मी तो कागद अजून जपून ठेवलाय. त्यावर वांग्याचा भाव पण लिहिलेला आहे.

मग सरासरीचा धडा. 'सरासरी शिल्लक' म्हणजे रोज तेवढे पैसे पडून हवेत असा माझा समज होता, आणि त्याच धास्तीनं मी इतकी वर्षं या खात्याच्या वाटेला गेले नव्हते. नाना म्हणाले, रोज रात्रीची शिल्लक मांड, महिन्याची बेरीज कर, दिवसांनी भाग. तीस दिवसांचा महिना, सरासरी ५,०००, म्हणजे बेरीज हवी दीड लाखाची. ५०,००० तीन रात्री राहिले की झाली. बाकी सत्तावीस दिवस खातं रिकामं असलं तरी कुणी विचारत नाही. पुण्याच्या एजन्सीचे पैसे महिन्यातून एकदा साधारण तेवढेच येतात. आले की तीन-चार रात्री हात लावायचा नाही, मग घरखात्यात वळवायचे. "पण महिन्याची सरासरी आहे की तिमाहीची, ते आधी विचार. तिमाहीची असली तर तुझ्यासारखीला आणखी बरं, एका महिन्यात काम नसलं तरी दुसरा महिना सांभाळून घेतो." कॅशियरच्या खिडकीतून तीसेक वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला हे माहीत असणारच. मला हे एकाही बँकेत कुणी सांगितलं नव्हतं.

मोबाईल ॲपवर खातं उघडून देणारे मी लवकर सोडले. दिसायला देखणी असतात ती ॲप्स, रंगसंगतीला मी पैकीच्या पैकी देईन. पण त्यांतली बरीचशी स्वतः बँक नसतात, मागे दुसरीच एखादी बँक असते. नानांना हे सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मग तक्रार असली तर कुणाच्या दारात जायचं?" पेमेंट बँकेतही, म्हणजे ठेवी घेणाऱ्या पण कर्ज न देणाऱ्या बँकेत, खातं निघालं असतं, पण तिथे दिवसअखेर दोन लाखांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही. ही अडचण माझी कधी होईल असं वाटत नाही, तरी अपशकुन नको.

सहकारी बँकेवर मात्र नानांचा जीव होता. किमान शिल्लक सगळ्यांत कमी, शाखा चालत जाण्याइतकी जवळ, मॅनेजर नावानं ओळखणारा, त्यानं चहा मागवला. आमच्या भागात 'ठेवी' हा शब्द जरा दबक्या आवाजात उच्चारला जातो, कुणाची ना कुणाची आत्या किंवा काका कुठल्यातरी पतसंस्थेत अडकलेले असतातच. नानांनी मला चहा संपेपर्यंत दोन गोष्टी समजावल्या. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, २०२० पासून, त्याआधी एकच लाख होता. सहकारी बँकेलाही तो आहे, पतसंस्थेला नाही. आणि त्याच बँकेत तुझं बचत खातं असेल तर ते आणि प्रोप्रायटरचं खातं मिळून पाच लाख, वेगवेगळे नाहीत. फॉर्म भरायला घेतला तेव्हा मी सहज विचारलं, नेटबँकिंग आहे ना? आहे की, मॅनेजर म्हणाले, शिल्लक दिसते. दिसते? पाठवता येत नाही? तशी परवानगी रिझर्व्ह बँकेकडून वेगळी लागते, ती अजून यायची आहे. नाना गप्प झाले. परत येताना ॲक्टिव्हावर मागून एवढंच म्हणाले, "माणूस चांगला आहे."

शेवटी ती ५,००० वाली सरकारी बँक. इथेही सगळं गुळगुळीत नव्हतं. बचत खातेदारांना ऑनलाईन एनईएफटी २०२० च्या जानेवारीपासून फुकट आहे, चालू खातेवाल्यांसाठी तो नियम नाही. पण माझ्या पाठवण्याच्या संख्येत त्याचे वर्षाला शंभर रुपयेही होत नव्हते. कागद दिले, शिक्का मारला. शिक्का हरभट रोडच्या एका पोटगल्लीत करून घेतला, 'प्रोप्रायटर' एवढाच शब्द आणि वर फर्मचं नाव. घरी आल्यावर नानांनी तो वर्तमानपत्राच्या कडेला बारा वेळा मारून बघितला. बारावा चांगला उठला.

"आता व्हिजिट होईल मॅडम," बँकेतला मुलगा म्हणाला. "बोर्ड आहे ना बाहेर?"

बोर्ड. गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या दारावर सासऱ्यांच्या नावाची पितळी पाटी आहे, तिच्याखाली 'कुत्र्यापासून सावध' अशी पत्र्याची पाटी आहे. कुत्रा २०१९ च्या पुराआधीच गेला. माझं काम चालतं ते स्वयंपाकघराला लागून असलेल्या टेबलावर, ज्याच्यावर दुपारी शेंगदाणे निवडले जातात. बोर्ड कसला लावणार?

पण लावायचा होता. आणि इथं माझी खरी पंचाईत झाली. लोकांचे बोर्ड मी दोन तासांत करून देते. स्वतःच्या दीड बाय दोन फुटाच्या सनबोर्डाला मला चार दिवस लागले. अक्षर बदल, रंग बदल, परत पहिलं अक्षर. आजवर मी मनातल्या मनात ज्या गिऱ्हाइकांना शिव्या दिल्या त्या सगळ्यांची माफी मागावी असं वाटलं. पाचव्या दिवशी नाना स्क्रीनपाशी येऊन उभे राहिले. "रस्त्यावरून वाचता येईल असं कर. बाकी काय ते तुला कळतं." कुत्र्याची पाटी काढून त्याच खिळ्यांवर तो बोर्ड ठोकला.

व्हिजिटला जो आला तो जेमतेम तेवीस-चोवीसचा. आत यायला तयारच नाही. त्याला बोर्ड आणि मी एका फोटोत हवे होतो, लोकेशन चालू ठेवून. "मॅडम, जरा डावीकडं. अजून थोडं. तुळस येतीय मधी." मी सरकले. मागे दारात नाना बनियनवर उभे. "आजोबा, तुम्ही राहू द्या की, चालतंय." क्लिक. अडीच महिने मी कागदावर जे सिद्ध करत होते ते त्याच्यासाठी एका सेकंदात सिद्ध झालं. टेबल, त्यावरचा कॉम्प्युटर, त्यातली तीन वर्षांची कामं, यातलं काहीही त्याला बघायचं नव्हतं.

खातं २२ मे ला उघडलं. मुदतीला बारा दिवस बाकी. चेक अंगाऱ्याच्या डबीखालून निघाला तेव्हा त्याच्या एका कोपऱ्याला कुंकू लागलेलं होतं. काउंटरवरच्यानं ते बोटानं झटकलं आणि काही न बोलता घेतला. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. पुढच्या महिन्यात आणखी एक मेसेज आला, १७ रुपये ७० पैसे वजा झाल्याचा. नानांनी यादी काढली, पान नऊ, मेसेजचे तिमाहीला पंधरा अधिक जीएसटी. बरोबर आहे, म्हणाले, आणि यादीवर त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

बोर्ड काढायचा राहून गेला. परवा सकाळी अकराला बेल वाजली. दारात एक गृहस्थ, हातात आधारकार्ड, कपाळावर घाम.

"झेरॉक्स कितीला?"

मी काही बोलायच्या आत मागून नाना आले. त्यांनी त्या माणसाकडे बघितलं, त्याच्या हातातल्या कागदांच्या गठ्ठ्याकडे बघितलं.

"झेरॉक्स नाही मिळायची इथं. कशाला पाहिजे? खातं काढायचंय का?"

"हो, दुकानाच्या नावानं."

"मग बसा," नाना म्हणाले, आणि लाल पेन शोधायला आत गेले.